मोंढ्यापर्यंतचा वास

उमरीत पुरुषाच्या अंगाला वास असण्याची कारणं ठरलेली होती. सरकीचा वास, हळदीचा, डिझेलचा, बिडीचा, नाहीतर उन्हातल्या घामाचा. याखेरीज काही नाकाला लागलं की विचारणा व्हायची, "काय वास येऊलालाय! कुणाचं लगीन हाय आज?" विचारणारा चेष्टा करायचा; पण त्या चेष्टेत गावाचा एक नियम होता. सुगंधाला निमित्त लागतं, आणि निमित्त दुसऱ्याच्या घरचं लागतं. मांडवाच्या दाराशी गुलाबदाणी घेऊन उभा केलेला पोरगा तुमच्यावर गुलाबपाणी शिंपडणार. पानसुपारीला यजमान हाताच्या पाठीवर अत्तराची काडी ओढणार. ईदेला शीरखुर्मा संपवून उठलात की शेजारचे चाचा कापसाचा फाया करून कानाच्या घडीत ठेवणार. हिना की खस की मजमुआ, हे तुम्हाला कुणी विचारत नसे. निजामाच्या राज्यात पिढ्यानपिढ्या काढलेल्या या मुलखात अत्तराला कधी तोटा नव्हता, पण ते लावून घ्यायचं असे. हात पुढं करायचा, हुंगायचा, "वा" म्हणायचं.

कोलन मात्र आपलं आपण लावायचं. सकाळी अंघोळ झाल्यावर, आरशासमोर, घरात कुणी बघत नाही असं पाहून. त्याला ना यजमान, ना निमित्त. आमच्याकडच्या माणसांना त्या स्वस्त बाटलीचा जो संकोच वाटे तो वासाचा नव्हता, असं मला वाटतं. कुणी न देता स्वतःच स्वतःला काही द्यायचं, याचा तो संकोच होता. घड्याळ वेळ दाखवतं, चप्पल पाय वाचवते, टेरिकॉटचा शर्ट निदान अंग तरी झाकतो. कोलन काय करतं, याला उत्तर नाही.

माझ्याकडे आहे ती बाटली मामांची. मामा जिनिंगमध्ये मुनीम होते. उमरी कापसाची पेठ. मनमाड–सिकंदराबाद मार्ग मीटरगेज होता तेव्हापासून इथून रुईच्या गाठी बाहेर जात. गावात कापसाचा पैसा किती फिरत असे याचा एकच दाखला पुरे: जानेवारी १९४८मध्ये मुक्तिसंग्रामातल्या सैनिकांनी छाप्यासाठी हैदराबाद स्टेट बँकेची शाखा निवडली ती उमरीची. पुढं १९७२ साली राज्याची एकाधिकार खरेदी आली, ऐंशीच्या दशकात नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचं 'नांदेड-४४' वाण शिवारात पसरलं, आणि चुकाऱ्याचे पैसे हातात पडले की मोंढ्यातून निघालेली माणसं घरी जाण्याआधी बाजारात एक चक्कर मारू लागली. त्या चकरेत मामांनी केव्हातरी ही बाटली घेतली असावी. लोखंडी कपाटात, खरेदीखतं आणि रेशनकार्डाच्या शेजारी, ती कित्येक उन्हाळे उभी होती. मामांच्या मागं मामींनी ती मला देऊन टाकली. "तूच ने बाबा, नाहीतर पोरं सांडतील."

बाटली दुधी काचेची. तिच्यावर शिडाचं जहाज आणि लाल अक्षरं: ओल्ड स्पाइस. उमरीपासून सगळ्यात जवळचं मोठं पाणी म्हणजे गोदावरी, आणि मामांनी समुद्र पाहिल्याचं घरात कुणाला आठवत नाही. तरी त्यांच्या कपाटात जहाज होतं. अमेरिकेतल्या शुल्टन कंपनीनं १९३७ साली या नावाचा सुगंध आधी बायकांसाठी काढला होता. पुरुषांसाठीचा आला तो पुढच्या वर्षाच्या अखेरीस, नाताळच्या बाजारासाठी. आपल्याकडे तो गोव्यात बनू लागला, मेनेझिस मंडळींच्या कारखान्यात. दूरदर्शनवर त्याची जाहिरात लागायची: प्रचंड लाटेवर फळी टाकून स्वार झालेला माणूस आणि मागं कार्ल ऑर्फच्या 'कार्मिना बुराना'तला गडगडाटी कोरस. उमरीत ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या ओट्यावर बसून पाहणाऱ्यांना ते देवाच्या कोपासारखं वाटत असणार. एवढा सगळा गडगडाट कशाला, तर दाढीनंतर गालाला लावायच्या पाण्याला.

पुढं एक गंमत झाली. शुल्टनची ही मिळकत १९९० साली प्रॉक्टर अँड गॅम्बलकडे गेली, अमेरिकेत काचेच्या जागी प्लास्टिक आलं, आणि तिथले जुने शौकीन कुरकुरू लागले की वास आता पूर्वीचा राहिला नाही. मग त्यांना शोध लागला की हिंदुस्थानात अजून काचेची बाटली मिळते आणि तिच्यातला ऐवज त्यांच्या वडिलांच्या बाटलीशी जास्त जुळतो. गोव्याची बाटली ते मागवून घेऊ लागले. आमच्या जनरल स्टोअर्समध्ये तीच बाटली शेव्हिंग क्रीम आणि बुटपॉलिशच्या मधे धूळ खात असे. जाणकारी आणि किंमत या दोन गोष्टी एका फळीवर क्वचितच नांदतात.

पण कोलन हा जिन्नस आमच्या घरांत शौक म्हणून आलाच नव्हता, आला होता तापावर. पोराला हीव भरलं, अंग तव्यासारखं झालं की कपाळावर कोलनवॉटरच्या घड्या. टाटांचं यू-डी-कोलन ज्यांना परवडे ते चार थेंब वाटीतल्या पाण्यात टाकत, ज्यांना न परवडे ते मिठाच्या पाण्यावर भागवत. स्पिरिट उडून जाताना कातडीतली उष्णता सोबत नेतं, एवढंच त्यातलं औषध. तरी आजारपणाची ती थंडगार, लिंबाच्या अंगानं जाणारी हवा पुष्कळांच्या डोक्यात इतकी पक्की बसली आहे, की कोणी कोलन लावून आलं तर त्यांना आधी थर्मामीटर आठवतो.

आणि हे काही आमच्या अडाणीपणाचं नव्हे. योहान मारिया फारिना नावाच्या इटालियन माणसाच्या घराण्यानं जर्मनीतल्या कोलोन शहरात १७०९ साली दुकान थाटलं तेव्हापासून हे पाणी औषध म्हणूनही विकलं जात होतं. लोक ते प्यायचेसुद्धा. नेपोलियनच्या राजवटीनं १८१० साली फर्मान काढलं, की पोटात घ्यायच्या औषधाची कृती सरकारला सांगावी लागेल. कृती कोण सांगतो? एका रात्रीत ते औषध निव्वळ सुगंधी पाणी झालं. आपल्याकडे तर त्यावर थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण झालं. मुंबई राज्याच्या १९४९च्या दारूबंदी कायद्याविरुद्ध एफ. एन. बलसारा कोर्टात गेले तेव्हा त्यांनी व्हिस्की, ब्रँडी, बिअरच्या जोडीनं यू-डी-कोलन आणि लव्हेंडर वॉटर बाळगण्याचा हक्कही मागितला होता. १९५१च्या निकालानं कायदा मोठ्या प्रमाणात उचलून धरला, पण औषधांतल्या आणि प्रसाधनांतल्या अल्कोहोलवरची बंदी अवाजवी ठरवली. व्हिस्की गेली, कोलन वाचलं. उमरी तेव्हा हैदराबाद राज्यात असल्यानं या निकालाचं इथं कुणाला सोयरसुतक नव्हतं. मला मात्र ही यादी करणाऱ्याचं कौतुक वाटतं. लढायचंच तर गालाला लावायच्या पाण्यासाठीही लढायचं.

आता मुद्द्याचं. ही बाटली पारखायची कशी?

मामांचं कापूस पारखणं मी पाहिलं आहे. वेचणी भरून आलेल्या गाडीचा वरचा थर ते बघतसुद्धा नसत. तो सगळेच चांगला ठेवतात. बाही सारून कोपरापर्यंत हात आत घालायचे, तळातला पुंजका बाहेर ओढायचे, ओलसर आहे का ते मुठीत दाबून पाहायचे आणि मग दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून हळूहळू ताणत तंतूची लांबी बघायचे. सुगंधाचंही तसंच. दुकानात झाकण काढून जे हुंगतो तो गाडीचा वरचा थर. लिंबू, संत्रं, हलकी उडती तेलं. सगळा कारखाना आपलं उत्तम तिथं मांडून ठेवतो, कारण गिऱ्हाईक तेवढ्यावरच पैसे टाकतं. पाच मिनिटांत ते उडून जातं. त्याखालचं काय, ते अंगाला लावून कामाला लागल्याशिवाय कळत नाही.

मामांच्या बाटलीनं माझं काम सोपं केलं आहे. वरचा थर काळानंच खाऊन टाकला. संत्र्या-लिंबाची तेलं हवेनं आणि उष्णतेनं आधी बिघडतात. बेचाळीस अंशांचे उन्हाळे पाहिलेल्या कपाटात त्यांचं काही उरणार नव्हतं. द्रव आटून निम्म्यावर आलेला, रंगही सोनेरीचा तपकिरीकडे गेलेला. तळहातावर ओतलं की पहिल्या श्वासाला जरासा उग्र, जुन्या वार्निशसारखा दर्प येतो. तिथं पुष्कळजण नाक मुरडून बाटली खाली ठेवतील. थांबावं. गालाला, गळ्याला लावून शर्टाची बटणं होईस्तोवर तो दर्प जातो आणि लवंग वर येते, तिच्यामागून दालचिनी, जायफळ आणि चक्रीफुलाचा गोडसर तिखटपणा. मराठवाड्यातल्या नाकाला यात परकं काहीच नाही. अमेरिकेतल्या माणसाला या वासात दूरदेशीची जहाजं आणि बंदरं दिसत असतील. आम्हाला काळ्या मसाल्याचा डबा दिसतो. मी पहिल्यांदा लावून स्वैपाकघरात गेलो तेव्हा मामी वळूनही न बघता म्हणाल्या, "येसराचा डबा कामून उघडलाव रे?"

यावर बरंच हसलो आम्ही. पण मामींचं परीक्षण चोख होतं. कार्नेशनच्या ज्या फुलाचा या सुगंधात गाजावाजा आहे, त्या फुलाच्या वासात आणि लवंगेत एकच द्रव्य मुख्य असतं, युजेनॉल. दाढदुखीला दातात धरतात तेच.

मसाल्याच्या खाली आणखी एक थर आहे, आणि माझं मत त्याच्यावर ठरलं. घरातून निघून मोंढ्यापर्यंत चालत गेलं की तोवर लवंग निवते आणि उरते व्हॅनिला, ऊद-धुपाची आठवण करून देणारी राळ, थोडी कस्तुरीसारखी पावडर. शर्टाच्या कॉलरमध्ये बसलेला, कोरडा, उबदार वास. डिसेंबरात तो दुपारपर्यंत साथ करतो. मे महिन्यात मोंढ्याच्या फाटकाशीच निरोप घेतो, कारण उन्हात सगळंच भराभर उडतं. आणि आत तर सरकी, पेंड, हळद, बारदान यांच्यापुढं कुठल्याही बाटलीचं काही चालत नाही.

दोष आहेत. मधल्या टप्प्यात गोडी जराशी सपाट होते. घामाशी याचं पटत नाही. दोन्ही मिसळले की शिळ्या खिरीची आठवण येते. दाढी करताना कापलं असेल तर पुढची दोन मिनिटं सुगंधाचा विचार करायची शुद्ध नसते. आणि ज्याला आपल्या अंगाला जगात दुसऱ्या कुणाला येत नाही असा वास हवा आहे, त्यानं याच्या वाटेला जाऊ नये. एका पिढीतल्या निम्म्या बापांना हाच वास होता.

पण मला याचं जाणं आवडतं. हल्ली नांदेडच्या दुकानांतून महागडे फवारे मिळतात. त्यांतली ती काष्ठगंधाची कृत्रिम रसायनं सकाळी लावली की रात्री अंथरुणातही सोडत नाहीत. एसटीत असा एक प्रवासी चढला की मुदखेडपर्यंत सगळ्या गाडीनं त्याचं श्रीमंतपण सोसायचं. स्वस्त कोलनमध्ये तेलाचं प्रमाण शंभरात दोन-पाच, बाकी स्पिरिट आणि पाणी. गळामिठीच्या अंतरावरच्याला कळेल, हातभर लांबच्याला शंका येईल, बाकड्याच्या पलीकडच्याला पत्ताही नाही. कुणी न देता स्वतःला सुगंध द्यायचा संकोच ज्यांना वाटत होता, त्यांना एवढंच माप झेपणारं होतं. मामांसारखा माणूस, जो दिवसभर दुसऱ्याच्या कापसाची प्रतवारी लावायचा आणि स्वतःविषयी चार वाक्यं बोलायचा नाही, त्यानं घर ते मोंढा एवढ्या रस्त्यापुरतं स्वतःचं काही ठेवलं असेल, तर ते त्या बाटलीच्या मापाचंच होतं.

एक मत अजून घ्यायचं राहिलं होतं, ते कटिंगच्या दुकानातलं. दाढीनंतरच्या लोशनचा गावात कटिंगवाल्याइतका अनुभव कुणाला नाही. बाटली घेऊन गेलो. त्यानं ती उजेडात धरली, जहाजावरून अंगठा फिरवला, चार थेंब हातावर घेतले, हुंगले आणि खुर्चीतल्या गिऱ्हाइकाची उरलेली दाढी पूर्ण केली. मग परत हात नाकाशी नेला.

"वास झक्कास हाय, मालक," तो म्हणाला. "पहिलेचा माल हाय, कळुलालं."

मग त्यानं विचारलंही नाही, तेच चार थेंब चोळलेले हात गिऱ्हाइकाच्या ताज्या गालांवर दाबले. खुर्चीतला माणूस आरशात बघत राहिला.

"झोंबलं?"

"नाही."

"बघा," बाटलीला बूच लावून माझ्या हातात देत तो म्हणाला, "स्पिरिट उडालंय सगळं. न झोंबणाऱ्या लोशनचे पैसे कोणी देत नाही." आणि त्यानं तुरटीचा खडा पाण्यात बुडवला.