ताई, 'वय झालं' हे काही निदान नव्हे

करोंद, भोपाळ

ती. ताईस,

परवा फोनवर म्हणालीस, सकाळी हात मागे जात नाही, वेणी सुनेकडून घालून घ्यावी लागते, कुशीवर वळायचं तर पलंगाची दांडी धरावी लागते. वर 'बहात्तर झाले, आता दुखायचंच' म्हणून हसलीस. ते मला पटलं नाही. मी डॉक्टर नाही, पण लॅबमध्ये उभा जन्म काढलाय.

आमच्या करोंदमध्ये दुखण्याला दोन उत्तरं तयार असतात: वय, नाहीतर गॅस. युनियन कार्बाईडचा कारखाना याच बैरसिया रोडवर, मंडीच्या अलीकडे. १९८४ च्या २ डिसेंबरच्या रात्री तिथून झालेल्या वायुगळतीनंतर इथल्या म्हाताऱ्यांचं कुठलंही दुखणं लोक त्याच खात्यावर मांडतात. आमच्याकडचं भोपाळ मेमोरियल हॉस्पिटल तर कार्बाईडच्या जप्त शेअर्सच्या पैशातून गॅसपीडितांसाठीच उभं राहिलं. गॅसने माणसं आयुष्यभरासाठी मोडली, हे खरंच. पण म्हणून प्रत्येक खांदा गॅसचा नसतो, आणि प्रत्येक खांदा वयाचाही नसतो.

तुझ्या दुखण्यात मला खटकलं ते हे. दोन्ही खांदे एकदम धरले. आधी बरी होतीस आणि आठ-पंधरा दिवसांत अशी गत झाली. सकाळी तासभर अंग लाकूड, दुपारी बरंच मोकळं. फ्रोझन शोल्डर बहुधा एकाच बाजूला असतो. झिजेच्या दुखण्यात सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासात जातो आणि काम केलं की दुखणं वाढतं. तुझं उलटं आहे. पॉलिमायल्जिया रुमॅटिका नावाचा आजार असा वागतो. पन्नाशीच्या आत तो जवळजवळ दिसत नाही, सत्तरीत जास्त, आणि बायकांमध्ये पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट. मान, खांदे, कंबर, मांड्या धरतात. कधी बारीक ताप येतो, भूक जाते, वजन उतरतं. हे नाव इंग्लंडमधल्या बार्बर नावाच्या डॉक्टरांनी १९५७ मध्ये दिलं. नावात स्नायूंचं दुखणं आहे, पण सूज असते ती सांध्यांच्या अस्तरात आणि सांध्याभोवतीच्या पिशव्यांत. म्हणून स्नायूंची सीपीके तपासणी नॉर्मल येते, आणि एक्स-रेतही बहुधा काही सापडत नाही. मग म्हातारीला वहमी ठरवतात.

इथे माझी जुनी नळी कामाला येते. सायट्रेट घातलेलं रक्त वेस्टरग्रेनच्या उभ्या काचेच्या नळीत भरायचं, स्टँडला लावायचं, आणि तासभर हात लावायचा नाही. लाल पेशी खाली बसतात, वर पिवळसर पाणी राहतं. ते किती मिलिमीटर, तो ईएसआर. अंगात सूज असली की रक्तातली काही प्रथिनं वाढतात, पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि भराभर खाली जातात. बाईच्या वयात दहा मिळवून निम्मं करायचं, ही आमची ढोबळ मर्यादा. तुझी मर्यादा आली ४१. या आजारात आकडा बहुधा त्याच्या बराच वर जातो. पण रक्त कमी असलं, कुठे जंतुसंसर्ग असला तरी ईएसआर चढतो. सोबत सीआरपी ही सुजेची दुसरी तपासणीही करायची. थायरॉइड, ड जीवनसत्त्वही बघून घ्यायचं, आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगायचं. तिनेही अंग दुखतं.

औषध साधं आहे: प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, दिवसाला १२.५ ते २५ मिलिग्रॅमच्या दरम्यान. दोन-चार दिवसांत हात डोक्यावर जातो. मात्र पुढे वर्षभर, कधी त्याहून जास्त, डोस थेंबाथेंबाने उतरवावा लागतो. मध्येच गोळी टाकायची नाही. साखर वाढते, हाडं विरळ होतात, म्हणून कॅल्शियम आणि तपासण्या सोबत हव्यात. आणि हे नीट ऐक: 'दुखण्याच्या पुड्या' देणाऱ्या कुणाकडे जाऊ नकोस. अशा पुड्यांत कधी कधी स्टिरॉइडच भरलेलं असतं. बरं वाटतं ते त्यामुळे, आणि खरं दुखणं झाकून जातं.

या आजाराच्या काही रुग्णांत डोक्याच्या रक्तवाहिन्यांनाही सूज येते. कानशिलाशी नवीन डोकेदुखी, केस विंचरताना टाळू दुखणं, भाकरी चावताना जबडा दुखून थांबावं लागणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं किंवा एकाचे दोन दिसणं: यातलं एकही झालं तर 'उद्या बघू' म्हणायचं नाही. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. उशीर झाला तर दृष्टी कायमची जाऊ शकते.

अमरावतीत तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट विचार, 'हे संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवू का?' आणि सोमवारी सकाळी ईएसआर, सीआरपी करून घे. रिपोर्टचा फोटो सुनेला मला व्हॉट्सअॅपवर टाकायला सांग.

तुझा धाकटा भाऊ