गठ्ठा उलगडताना

चित्रकलेच्या वर्गात वर्षभर केलेली कामे काल परत मिळाली, आणि आज दुपारी तो गठ्ठा जमिनीवर पसरून बसलो असता, ज्यांवर गुरुजींनी मुक्तहस्ते गुण दिले होते ती चित्रे बाजूला सारून माझी दृष्टी वारंवार एकाच कागदाकडे वळू लागली : पितळी तांब्या, दोन वांगी आणि चुरगळलेले फडके. तांब्याच्या पोटावर वांग्याची जांभळी छाया उमटली आहे, हे मला तिसऱ्या दिवशी दिसले. तोवर पितळ पिवळेच असायचे, या पूर्वग्रहाने मी रंग भरीत होतो.

संकल्पचित्रे नेटकी आहेत; अधिक काही नाही.

मात्र अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणीची मी छापील चित्रावरून केलेली नक्कल पाहून मन भरून आले. १८७२ पासून ग्रिफिथ्स साहेबांच्या देखरेखीखाली मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी त्या लेण्यांच्या अंधारात बसून भित्तिचित्रांच्या बरहुकूम नकला उतरविल्या, आणि त्यांतील कित्येक १८८५ साली लंडनमधील आगीत भस्मसात झाल्या, हे वाचल्यापासून त्या विद्यार्थ्यांच्या परिश्रमांविषयी माझ्या मनात नितांत आदर दाटला आहे. कारण पद्मपाणीच्या भुवईची ती एक वक्ररेषा साधताना माझा कागद खोडून खोडून विरला होता, आणि तरीही त्या मुद्रेतील करुणा माझ्या हाती लागली नाही.

ती नक्कल आईने मागून घेतली आहे. तांब्याचे चित्र मी माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर लावले.