सांबरा ते इंदूर : पावणेआठशे किलोमीटर

इंदूरला मुलगी दिली म्हणजे ती लांब गेली, असे आपल्या भागात म्हणत आले आहेत, आणि त्यात खोटे काही नव्हते. बेळगावहून रात्रीची गाडी धरून पुणे गाठायचे, तिथून पुन्हा रात्रभराचा प्रवास. डबा, पाण्याची बाटली, मांडीवर पेंगणारी मुले. मधल्या थांब्यांसह दीड दिवस सहज जायचा.

आता नकाशावर फूटपट्टी ठेवून बघा. इंदूर बेळगावच्या जवळजवळ थेट उत्तरेला आहे. सरळ रेषेत अंतर भरते सुमारे पावणेआठशे किलोमीटर. रस्त्याने पुण्यावरून जाताना तेच नऊशेच्या वर जाते. ही रेषा कृष्णा, भीमा, गोदावरी, तापी आणि शेवटी नर्मदा ओलांडते. गंमत म्हणजे ती अहिल्याबाईंचे जन्मगाव चौंडी आणि त्यांची राजधानी महेश्वर या दोन्हींच्या जवळून जाते. इंदूरच्या विमानतळालाही नाव त्यांचेच.

जानेवारी 2020 मध्ये स्टार एअरने पन्नास आसनांच्या छोट्या जेटने सांबऱ्याहून इंदूरला थेट विमान सुरू केले. आकाशातले अंतर सव्वा ते दीड तासाचे. घरून निघणे, तासभर आधी पोचणे, सामानाची वाट पाहणे हे धरले तरी चार-पाच तासांत लेकीच्या दारात. सकाळी इथे 'ऊटा आत?' विचारणारी आजी दुपारी तिथे पोह्यांवर शेव घालून घेते. छोट्या शहरांमधली विमाने मात्र कधी वाढतात, कधी बंद होतात, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करावीच. मुंबई किंवा बेंगळूरला विमान बदलावे लागले तर अख्खा दिवस जातो.

पण या दोन टोकांना जोडणारा आपला माणूस विमानाच्या कितीतरी आधी तिकडे गेला. सांबऱ्याच्या पुढचे रेल्वे स्टेशन सुळेभावी. तिथे 8 एप्रिल 1924 रोजी शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी जन्मले, म्हणजे कुमार गंधर्व. मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकले. क्षयाने गाठले म्हणून 1948 साली कोरड्या हवेसाठी इंदूरजवळच्या देवासला गेले. अनेक वर्षे अंथरुणावर, गाणे बंद. त्या काळात कानावर पडलेली माळव्यातली लोकगीते पुढे त्यांच्या गाण्यात आली. जन्माची भाषा कानडी, घरात मराठी, अंगणात माळवी. आपल्या घरांतली मुले दोन भाषांत गोंधळतात अशी काळजी करणाऱ्यांनी हे घर जरूर आठवावे. 12 जानेवारी 1992 रोजी देवासलाच ते गेले.

इंदूरला गेलात तर एक दिवस देवाससाठी ठेवा. विमानतळ शहराच्या पश्चिमेला आणि देवास ईशान्येला, त्यामुळे सगळे शहर ओलांडावे लागते. अंतर चाळीस किलोमीटरच्या आसपास. माताजीच्या टेकडीच्या पायथ्याशी 'भानुकुल' हे त्यांचे घर आहे.