माहेरचे नाव

आपल्या आजोबांचे नाव आपणांस ठाऊक असते. पुष्कळांना पणजोबांचेही सांगता येते. परंतु पणजीचे नाव काय, आणि लग्नापूर्वी तिला कोणत्या नावाने हाक मारीत, असे कोणी विचारले तर आपण बहुधा निरुत्तर होतो. आमच्या घराण्यास हा प्रश्न विचारला तो एका परदेशी सुनेने.

नोकरीनिमित्त महाराष्ट्राबाहेर पांगलेल्या कुटुंबांपैकी आमचे एक. एक शाखा जयपुरात, एक ग्वाल्हेरीस, एक बडोद्यास. थोडी मंडळी पुण्यास उरली. गेल्या हिवाळ्यात जयपूरच्या दुर्गापुरा भागात, माझ्या काकांच्या घरी, सर्वांचे संमेलन भरले. अमेरिकेहून चुलतभाऊ व वहिनी आली होती. वहिनी जर्मन वंशाची. आपल्या घराण्याचा माग काढण्यात तिने कित्येक वर्षे घालविली आहेत.

काकांनी दिवाणखान्यात वंशवृक्ष लावला होता. सात पिढ्या, सुवाच्य अक्षर आणि सारे पुरुष. माझ्या दोघा भावांची नावे त्यात होती, माझे नव्हते. वहिनीने तो लक्षपूर्वक पाहिला आणि सहजपणे विचारले, “पण या सर्वांच्या आया कोण?”

तिच्या शोधाची वाट निराळी होती. जर्मन कुटुंबांत बायबलाच्या कोऱ्या पानांवर जन्म, विवाह व मृत्यू नोंदविण्याची रीत होती. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत पुष्कळदा आईचे माहेरचे आडनावही लिहिलेले आढळते. तिची अडचण होती ती अमेरिकेत बदललेल्या आडनावांची. तेथे ‘म्यूलर’चे ‘मिलर’ झाले, ‘श्मिट’चे ‘स्मिथ’ झाले. बंदरावरील अधिकाऱ्यांनी ही नावे बदलली, असा समज आहे. वस्तुतः ते जहाजावरच्या याद्यांवरूनच काम करीत. नावे बदलली ती बहुधा लोकांनी स्वतःच, पुढे तेथे राहताना. १९१७ साली अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरल्यावर तर जर्मन नाव बाळगणेच अनेकांना जड झाले.

हे ऐकत बसलेल्या आमच्या आत्याआजी, वय नव्वदीच्या घरात, एकदम म्हणाल्या, “अगं, आमची नावं तर तबकातल्या तांदळांतच बदलली!”

खरेच होते ते. सासरी आल्यावर तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिले जाई आणि जुने नाव माहेरीच राही. आडनावाबरोबर नावही गेल्यावर माग कशाचा काढावयाचा? आत्याआजींना मात्र आठवत होते. त्यांच्या आईस माहेरी नदीचे नाव होते, सासरी ते देवीचे झाले. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. रात्रीपर्यंत चार पिढ्यांतील एकवीस स्त्रियांची दोन्ही नावे व माहेरची गावे कागदावर आली. त्यापलीकडच्या तीन पिढ्यांविषयी सांगणारे आता कोणीही नाही. काकांनी नवा वंशवृक्ष काढला, त्यात लेकी व सुना घातल्या आणि त्या पिढ्यांसाठी रिकामी वर्तुळे ठेवली.

ही वर्तुळे मला पोकळ वाटत नाहीत. तेथे कोणीतरी होते, एवढी कबुली तरी त्यांत आहे.

काळही हळूहळू पालटतो आहे. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या शासकीय कागदपत्रांत नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव हा क्रम महाराष्ट्र शासनाने आवश्यक केला आहे. पुढच्या पिढ्यांची सोय त्यामुळे होईल. मागच्या पिढ्यांची नोंद मात्र कोणतेही कार्यालय आपणांसाठी करणार नाही.

त्यासाठी मोठे संमेलन लागत नाही, की छापील कुलवृत्तांतही लागत नाही. एक वही पुरे. प्रत्येक स्त्रीचे माहेरचे नाव, सासरचे नाव, गाव, आणि ही माहिती कोणी व कोणत्या दिवशी सांगितली, एवढे लिहावे. घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीपासून आरंभ करावा, आणि तो उद्यावर टाकू नये.