पंख्याकडून वर : शर्यतीच्या लहान होडीसाठी यंत्राची निवड

होडीच्या मागच्या उभ्या फळीवर बाहेरून अडकवले जाणारे इंजिन, म्हणजेच आउटबोर्ड मोटर, हे कोकण किनाऱ्यावर मासेमारीच्या होड्यांमुळे चांगलेच परिचयाचे यंत्र आहे. मात्र लहान वेगवान होड्यांच्या शर्यतीसाठी तेच यंत्र निवडण्याची वेळ आली म्हणजे मासेमारीतले बहुतेक निकष निरुपयोगी ठरतात. मच्छीमाराला ओझे ओढणारे, तासन्‌तास चालणारे आणि गरज पडेल तेव्हा होडी मागे घेणारे यंत्र हवे असते. शर्यतीच्या यंत्राला पुष्कळदा मागचा गिअर नसतो, न्यूट्रलही नसते, आणि त्याच्याकडून काम हवे असते ते काही मिनिटांचेच, पण त्या मिनिटांत हातचे काहीही राखून न ठेवता केलेले.

या शर्यती वर्गवार होतात. वर्ग म्हणजे इंजिनाची सीसी क्षमता, होडीचा आकार, होडी आणि चालक यांचे मिळून किमान वजन, तसेच यंत्राच्या कोणत्या भागात बदल चालेल व कोणत्या भागाला हात लावता येणार नाही, हे ठरवून देणारी नियमांची चौकट. अमेरिकेत 1903 साली स्थापन झालेली अमेरिकन पॉवर बोट असोसिएशन आणि आंतरराष्ट्रीय पातळीवर 1922 पासून काम करणारी युनियन इंटरनॅशनल मोटोनॉटिक या संस्था अशा चौकटी आखतात. अमेरिकेतील जुन्या पद्धतीत वर्गांना इंग्रजी अक्षरे होती व त्यांची विभागणी घनइंचांवर होती. त्यातील बी वर्गाची मर्यादा 20 घनइंच, म्हणजे सुमारे 328 सीसी. युरोपात बाल्टिक देशांपासून मध्य युरोपापर्यंत चालणाऱ्या ओएसवाय-400 या वर्गाने तर यंत्राचा प्रश्न एका ओळीत संपवला आहे, कारण तेथे जपानी बनावटीचे यामाटो हे एकच दोन सिलिंडरांचे, सुमारे 400 सीसीचे यंत्र चालते. तेव्हा यंत्राची निवड ही प्रत्यक्षात आधी वर्गाची निवड असते, आणि वर्ग निवडताना वेगाच्या आकड्यापेक्षा आपल्या जवळच्या तलावावर त्या वर्गाच्या किती होड्या नियमाने उतरतात, हे पाहणे अधिक शहाणपणाचे आहे. ज्या यंत्राचा सुटा भाग शर्यतीच्या सकाळी शेजारच्या तंबूत उसना मिळतो, ते यंत्र कागदावर थोडे दुबळे असले तरी हंगामाच्या शेवटी पुढे राहते.

वर्ग ठरला तरी त्या वर्गात विकायला असलेल्या यंत्रांपैकी नेमके कोणते घ्यावे, हा प्रश्न उरतोच, आणि येथे नवख्याची नजर हमखास वरच्या भागाकडे जाते. पॉवरहेड, म्हणजे सिलिंडर, पिस्टन, कार्ब्युरेटर आणि फ्लायव्हील असलेला डोक्याकडचा भाग, हाच जणू सारे यंत्र अशा समजुतीने अश्वशक्तीची चौकशी होते. वास्तविक निवड उलट्या दिशेने, पाण्याकडून वर करावी लागते, कारण पॉवरहेडने निर्माण केलेली प्रत्येक अश्वशक्ती अखेर हाताच्या पंजाएवढ्या धातूच्या पात्यांतूनच पाण्यात उतरायची असते, आणि वर्गाच्या नियमांनी वरचा भाग सर्वांना जवळपास सारखा करून टाकल्यावर फरक पडायला जागा उरते ती खालीच.

सर्वांत खाली असतो पंखा, म्हणजे प्रोपेलर. त्याची दोन मापे प्रथम पाहिली जातात : व्यास आणि पिच. लाकडात फिरणारा स्क्रू एका फेऱ्यात जितका आत शिरतो तितके अंतर पंख्याने एका फेऱ्यात कापावे असे गृहीत धरले, तर ते अंतर म्हणजे पिच होय. समजा, 25 सेंटिमीटर पिचचा पंखा मिनिटाला 6600 फेरे घेतो. पाणी लाकडासारखे घट्ट असते तर होडीने मिनिटाला 1650 मीटर, म्हणजे ताशी 99 किलोमीटर जायला हवे होते. पाणी सरकते, त्यामुळे प्रत्यक्ष वेग कमी भरतो, आणि या तुटीला घसर किंवा स्लिप म्हणतात; 15 टक्के घसर धरली तर वेग ताशी 84 किलोमीटर उरतो. हा हिशेब साधा असला तरी यंत्राच्या पारखीत फार उपयोगी पडतो. एखादे यंत्र संथ वाटत असेल, फेरे पुरेसे होत असतील आणि तरीही वेग मिळत नसेल, तर दोष पंख्याचा किंवा बसवणीचा आहे. फेरेच वर चढत नसतील, तर एकतर पिच जास्त झाली आहे किंवा पॉवरहेड खरोखरच थकले आहे. विक्रेता केवळ कमाल वेग सांगत असेल आणि पिच व फेरे सांगू शकत नसेल, तर त्या वेगाला काही अर्थ नाही.

शर्यतीचा पंखा मापांवरही संपत नाही. पात्याच्या मागच्या कडेला दिलेला बारीकसा वाक, ज्याला कप म्हणतात, तो पाणी धरून ठेवतो. ही कड अंगठ्याच्या नखाने चाचपत गेले असता एका पात्यावर वाक मध्येच संपतो आणि दुसऱ्यावर टोकापर्यंत जातो असे आढळले, तर तो पंखा वळणातून बाहेर पडताना हवा धरणार, म्हणजे पात्यांभोवती पाण्याऐवजी हवा शिरून फेरे एकदम वाढणार आणि ढकल मात्र नाहीशी होणार, हे जवळपास निश्चित समजावे. त्यामुळे जुने यंत्र विकत घेताना त्यासोबत येणारे पंखे हे फुकटची जोड नसून व्यवहाराचा मोठा भाग असतात. चांगले दोन पंखे असलेले मध्यम यंत्र हे एकही चांगला पंखा नसलेल्या उत्तम यंत्रापेक्षा निःसंशय अधिक मोलाचे आहे.

पंख्याच्या वर गिअरकेस येतो, म्हणजे पाण्याखाली राहणारी दंतचक्रांची पेटी. सामान्य होडीच्या यंत्रात क्रँकशाफ्टच्या साधारण दोन फेऱ्यांमागे पंख्याचा एक फेरा होतो, त्यामुळे मोठा पंखा सावकाश फिरून ओझे ओढतो. शर्यतीच्या गिअरकेसमध्ये हे प्रमाण पुष्कळदा एकास एकच्या जवळपास ठेवतात, लहान पंखा वेगाने फिरवतात, आणि गिअर बदलण्याची यंत्रणाच काढून टाकल्यामुळे पेटी सडपातळ होऊन पाण्याचा अडथळा कमी होतो. दुसऱ्या महायुद्धानंतर कार्ल कीकहेफर यांच्या मर्क्युरी कंपनीने क्विकसिल्व्हर नावाचा असाच सडपातळ गिअरकेस पुरवला, आणि तोच पॉवरहेड साध्या गिअरकेसवर जे कधीच करू शकला नसता ते करू लागला. निवड खालून वर का करावी, याचे इतके बोलके उदाहरण या खेळाच्या इतिहासात दुसरे नाही.

गिअरकेसचा विचार यंत्राच्या उंचीपासून वेगळा काढता येत नाही. पंख्याच्या दांड्याचा मध्य होडीच्या तळापासून किती खाली आहे, हे अंतर जितके कमी तितका धातू पाण्यात कमी बुडतो आणि वेग वाढतो. पण यंत्र फार वर घेतले की पंखा हवा धरतो, आणि इंजिन थंड करण्यासाठी पाणी ओढणारे तोंडही पाण्याबाहेर येऊ लागते. म्हणूनच शर्यतीच्या गिअरकेसवर हे तोंड शक्य तितके खाली असते, आणि ते तसे नसेल तर त्या यंत्राला उंचीचा फायदा घेता येणार नाही, हे विकत घेण्यापूर्वीच ओळखावे. दोन-तीन मिलिमीटर जाडीची पट्टी फळी आणि यंत्राच्या पकडीमध्ये सरकवली किंवा काढली, एवढ्यानेही होडीचा स्वभाव पालटतो. यंत्र कोणत्या होडीवर बसणार, हेही येथेच ठरते. रनअबाउट ही सपाट तळाची होडी मागच्या तळावर धावते; हायड्रोप्लेन पुढच्या दोन बाजूंचे तरंगक आणि मागचा पंखा अशा तीन आधारांवर जवळजवळ पाण्याबाहेरच असते. एकीवर उत्तम बसलेले यंत्र त्याच उंचीवर आणि त्याच कोनात दुसरीवर चढवले तर नाक आपटणे किंवा नाक उचलून होडी उलटणे, यांपैकी काहीही घडू शकते.

पॉवरहेडची पाळी यानंतर येते, आणि तेथेही पाहायचे असते ते सामर्थ्यापेक्षा आरोग्य. दोन स्ट्रोकच्या इंजिनात इंधन, हवा आणि तेल यांचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकशाफ्टभोवतीच्या बंद पोकळीत येते आणि तेथून सिलिंडरात चढते. या पोकळीचे सील झिजले तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रणातील इंधनाचे व तेलाचे प्रमाण घटते, आणि पूर्ण वेगात पिस्टन तापून जाम होतो. बाजारात सर्रास केली जाणारी कॉम्प्रेशनची, म्हणजे सिलिंडरातील दाबाची, चाचणी हा दोष दाखवत नाही. त्यासाठी सर्व तोंडे बंद करून क्रँककेसमध्ये हलका दाब भरून तो टिकतो का, हे तपासावे लागते. कॉम्प्रेशनमध्येही मोठ्या आकड्यापेक्षा दोन सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत, याला महत्त्व आहे. एक्झॉस्टचे झाकण काढून विजेरीच्या प्रकाशात पिस्टनची बाजू पाहिली असता राखाडी, एकसारखी झळाळी दिसावी. उभे ओरखडे असतील, रिंग खाचेत चिकटलेली असेल किंवा माथ्याच्या कडेला बारीक खड्डे पडले असतील, तर त्या यंत्राला केव्हातरी मिश्रण कमी पडले आहे आणि विक्रेत्याने सांगितलेली विजयांची यादी त्या खड्ड्यांना बुजवू शकत नाही.

'गरम' यंत्र, म्हणजे गुपचूप सुधारलेले यंत्र, हा या व्यवहारातील सर्वांत घातक मोह आहे. स्टॉक वर्गात, म्हणजे यंत्र कारखान्यातून आले तसेच वापरायच्या वर्गात, शर्यतीनंतर विजेत्याचे यंत्र उघडून तपासले जाते. सिलिंडरच्या भोकाचा व्यास, पोर्टांची, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतील वायूच्या वाटांची, उंची, सिलिंडरच्या डोक्यातील पोकळीचे आकारमान आणि कार्ब्युरेटरचे तोंड मापले जाते. पूर्वीच्या मालकाने कानस फिरवली असेल, तर ती शिक्षा नव्या मालकाच्या पदरी येते, आणि घासून गेलेला धातू कोणालाही परत घालता येत नाही. मापे जुळतात याचा लेखी दाखला मागण्यात संकोच बाळगण्याचे काहीच कारण नाही.

निवड करण्याची मुभाच काढून घेतली तर काय उरते, हे पाहायचे असेल तर जपानकडे वळावे लागते. तेथे 1952 साली नागासाकी प्रांतातील ओमुरा येथे सुरू झालेली क्योतेई ही व्यावसायिक होडीशर्यत आज 24 ठिकाणी भरते. सहा हायड्रोप्लेन 600 मीटरच्या तीन फेऱ्या मारतात. यंत्रे स्पर्धकाची नसून त्या त्या केंद्राची असतात, आणि स्पर्धा सुरू होण्यापूर्वी ती चिठ्ठ्या टाकून वाटली जातात. कारखान्यातून एकाच साच्याने निघालेल्या या यंत्रांच्या कामगिरीत इतका फरक पडतो, की प्रत्येक यंत्राने पहिला किंवा दुसरा क्रमांक किती टक्के वेळा मिळवला याची नोंद प्रसिद्ध होते आणि पैज लावणारे प्रेक्षक चालकाच्या नावाइतकीच ती बारकाईने वाचतात. 2012 पर्यंत चालक स्वतःचे पंखे सोबत आणू शकत. त्यानंतर पंखाही यंत्राबरोबरच मिळू लागला, आणि आता चालक हातोडी घेऊन त्याच पंख्याची पाती आपल्या ढंगाला जुळेपर्यंत ठोकत बसतो. कोणाला पहिल्या वळणावरची झेप हवी असते, कोणाला सरळ धावेतला ताण. वाट्याला आलेले यंत्र दिवस-दोन दिवसांत ओळखणे हे या चालकांचे खरे शिक्षण होय. पैसे मोजून यंत्र निवडणाऱ्या हौशी स्पर्धकांत ही ओळख फार थोड्यांना साधते, कारण पहिल्या अपयशाबरोबर यंत्र बदलण्याचा मार्ग त्यांच्यापुढे खुला असतो.

शर्यत कशी सुटते, याचाही निवडीशी थेट संबंध आहे. जपानात आणि अमेरिकेत होड्या धावत येऊन घड्याळाच्या ठोक्याला रेषा ओलांडतात. त्यामुळे कमी फेऱ्यांवर न अडखळता चालणारे आणि थ्रॉटल उघडताच तत्काळ उठणारे यंत्र लागते. युरोपातील पुष्कळ शर्यतींत होड्या धक्क्याला पाठ लावून बंद इंजिनाने उभ्या राहतात आणि इशारा मिळताच यंत्र सुरू करतात. तेथे पहिल्याच खेचीला सुरू होणे हा गुण कमाल वेगाहूनही वरचा ठरतो.

दोन स्ट्रोकची नवी यंत्रे आज दुर्मीळ झाली आहेत. अमेरिकेने 1996 मध्ये आउटबोर्ड यंत्रांच्या धुरावर टप्प्याटप्प्याने निर्बंध आणले. जॉन्सन आणि एव्हिनरूड बनवणारी कंपनी 2000 च्या अखेरीस दिवाळखोरीत गेली, आणि नव्या मालकाने 2020 मध्ये एव्हिनरूडचे उत्पादनही थांबवले. एफ-4 सारख्या वर्गांनी 60 अश्वशक्तीची चार स्ट्रोकची यंत्रे स्वीकारली. ती जड आहेत, पण एकसारखी आहेत, कमी बिघडतात आणि दुकानात मिळतात. नव्या स्पर्धकाने हा मार्ग तुच्छ मानू नये. मुंबईत मरीन ड्राइव्हसमोर मार्च 2017 मध्ये झालेल्या पी-वन मालिकेच्या शर्यतीही एकाच साच्याच्या होड्यांनी लढल्या गेल्या; त्या होड्या आणि त्यांची यंत्रे लहान वर्गांहून कितीतरी मोठी असली, तरी तत्त्व हेच होते.

जुने दोन स्ट्रोकचेच यंत्र घ्यायचे ठरले, तर ठरलेल्या रकमेचा निम्मा भागच यंत्रावर खर्चावा आणि उरलेल्यातून क्रँककेसचे सील, पाण्याच्या पंपाचे रबरी चक्र, रिंगा, पंख्याची दुरुस्ती आणि बरोबर आकाराचा दुसरा पंखा यांची तरतूद करावी. पहिल्या हंगामात पॉवरहेडला हात न लावता केवळ उंची, कोन आणि पंखा यांत एका वेळी एकच बदल करत जावा, आणि प्रत्येक धावेनंतर फेरे, वेग, वाऱ्याची दिशा, पाण्याची स्थिती व स्पार्क प्लगच्या टोकाचा रंग वहीत उतरवून ठेवावा.