टोनर, इस्त्री आणि पितळेचा पत्रा

मंद्रूपच्या कडक उन्हात ठिबकच्या वाल्ववर मार्करनं लिहिलेले आकडे फार टिकत नाहीत. वरून खताचं पाणी उडतं, ते वेगळंच. कुठला वाल्व द्राक्षाच्या कुठल्या ओळींचा, हे वडिलांना पाठ आहे. ते गावाला गेले की माझी पंचाईत होते. म्हणून आकड्यांच्या पितळी पट्ट्या घरीच करायचं ठरवलं. धातूचं काम मी कधी केलेलं नव्हतं. छापलेला कागद पत्र्यावर पालथा ठेवून इस्त्री फिरवली की अक्षरं उतरतात, एवढंच ऐकून होतो.

घरच्या प्रिंटरवर काढलेल्या कागदातून काहीच उतरलं नाही. झेरॉक्सवाला म्हणाला, "घरचा शाईचा आसंल. आमच्यात शाई नसती ओ, पावडर असती." ही पावडर म्हणजे टोनर : रंगासाठी काजळी मिसळलेलं, पिठासारखं बारीक प्लास्टिक. यंत्रातल्या सुमारे 200 अंश सेल्सिअसच्या गरम रुळाखाली ते वितळून कागदाला चिकटतं. पुन्हा तापवलं की पुन्हा वितळतं, आणि तेव्हा खाली पितळ असेल तर पितळेला धरतं. इस्त्रीचं काम एवढंच.

पुढे वाचताना एक गोष्ट सापडली आणि मी हरखून गेलो. चेस्टर कार्लसननं 22 ऑक्टोबर 1938 रोजी न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागात पहिली झेरॉक्स काढली, ती गंधकाचा थर दिलेल्या जस्ताच्या पत्र्यावरून. पत्र्यावर चिकटलेली पूड त्यानं मेणकागदावर घेतली आणि कागद तापवून ती पक्की केली. त्याची पूड धातूवरून कागदावर गेली; माझी कागदावरून धातूवर येणार होती.

झेरॉक्सवाल्यानं मासिकाच्या चकचकीत कागदावर आकडे उलटे, आरशात दिसतात तसे, छापून दिले. पण पट्टीवर अक्षर खोल हवं असेल तर अक्षर पांढरं आणि भोवतालची जागा काळी छापावी लागते, कारण जिथे टोनर बसतो तिथलं पितळ वाचतं. हे डोक्यात शिरायला मला वेळ लागला.

पत्रा बारीक पॉलिशपेपरनं घासून अ‍ॅसिटोननं पुसला. त्यानंतर बोट लावायचं नाही, बोटाचं तेलसुद्धा टोनरला धरू देत नाही. इस्त्री सुती कपड्यांच्या आकड्यावर, वाफ बंद. कागद गरम असतानाच ओढला तर निम्मी पूड त्याच्याबरोबर परत आली. पत्रा निवू दिला, पाण्यात भिजत ठेवला आणि कागद बोटानं चोळत काढला, तेव्हा काळा थर जागेवर राहिला. मधली बारीक छिद्रं मार्करनं बुजवली.

नंतर फेरिक क्लोराईड. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं, तांबं-पितळ खातं, प्लास्टिकला हात लावत नाही. म्हणून टोनरखालचं पितळ शाबूत राहतं, आणि म्हणूनच भांडंही प्लास्टिकचंच. स्टीलचा चमचासुद्धा चालत नाही. हातमोजे, चष्मा, उघडी पडवी. पावडर पाण्यात थोडीथोडी टाकायची, कारण पाणी तापतं. पट्टीच्या मागे चिकटपट्टी लावली आणि तोंड खाली करून ती टांगली, म्हणजे सुटलेला गाळ खाली पडतो. अर्ध्या-पाऊण तासानं धुऊन अंगठा फिरवला, तर 3 हा आकडा बोटाला लागत होता! मग अ‍ॅसिटोननं टोनर पुसला, खोलात काळा ऑइलपेंट भरला, आणि वाळल्यावर वरचा पेंट घासून काढला.

उरलेलं तपकिरी पाणी मात्र मोरीत किंवा बांधावर ओतायचं नाही. त्यात आता तांबं उतरलेलं असतं. ते मातीत साचून राहतं आणि पिकाला बाधतं. माझं पाणी प्लास्टिकच्या कॅनमध्ये, वर नाव लिहून, पोरांचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर आहे. पुढच्या पट्ट्यांना तेच चालतं, फक्त खायला जरा जास्त वेळ घेतं.