कोणते गोरे?

माझे आडनाव गोरे आहे आणि माझा वर्ण काळा आहे. ही दोन विधाने एकापाठोपाठ कानावर पडली की ऐकणारा हसतो, आणि आपल्याला काही नवाच विनोद सुचला असे त्यास वाटते. मी तो विनोद शाळेच्या पहिल्या वर्षापासून ऐकत आलो आहे. त्यामुळे विनोद करणाराच्या मुद्रेवरील समाधान पाहण्यापलीकडे मला आता त्यात काही उरलेले नाही. परंतु या शिळ्या विनोदाने माझ्या मनास एक चाळा मात्र लावून दिला. जो शब्द वस्तूचे वर्णन करण्यासाठी जन्मास आला, तो माणसाचे नाव होऊन बसला म्हणजे त्याच्यातील वर्णन कोठे जाते? ते मरते, झोपी जाते, की दबा धरून बसते?

हा गुंता एकट्या मराठीत आहे असे नाही. इंग्रजांत ब्राउन आहेत, व्हाइट आहेत, शॉर्ट आहेत आणि लाँगही आहेत. गलिव्हरचे प्रवास लिहिणारे स्विफ्ट म्हणजे आपल्याकडचे कोणी ‘चपळे’, आणि कादंबरीकार हार्डी म्हणजे ‘काटके’ म्हणावयाचे. स्वामी विवेकानंदांच्या शिष्या मार्गारेट नोबल यांचे आडनावच मुळी ‘उदात्त’ या अर्थाचे. १८९८ साली गुरूंनी त्यांस निवेदिता हे नाव दिले, तेव्हा एक विशेषण जाऊन त्याच्या जागी दुसरे आले एवढेच. इंग्रजीत एक सोय मात्र आहे. पहिले अक्षर मोठे लिहिले की विशेषणाचे विशेषनाम झाल्याचे डोळ्यांस तत्काळ कळते. देवनागरीत सगळी अक्षरे एका मापाची. ‘काळे आले’ एवढेच कोणी चिठ्ठीवर लिहून ठेवले, तर ढग आले म्हणून वाळवण उचलावे, की पाहुणे आले म्हणून चहाचे आधण ठेवावे, हे घरच्या माणसाने आपल्या बुद्धीने ठरवावयाचे.

आपल्या भाषेने यावर निराळी युक्ती योजिली आहे. विशेषनामाचे अनेकवचन होत नाही असे आपण शाळेत शिकतो, आणि आमची आडनावे पाहावीत तर ती जन्मतःच अनेकवचनी! काळा, गोरा, खरा, भोळा ही एकवचने रस्त्यावर राहिली; उंबरठा ओलांडून घरात आली ती काळे, गोरे, खरे, भोळे ही आदरार्थी अनेकवचने. गावाने ज्या पूर्वजास ‘अरे काळ्या’ म्हणून हाक मारली असेल, त्याच्याच नातवास पुढे ‘अहो काळे’ म्हणावे लागले असेल. एका मात्रेत केवढे हे स्थित्यंतर! शिवाय ही मात्रा एकदा बसली की ती लिंगालाही जुमानत नाही. बाई ‘आल्या’, बाई ‘बसल्या’, बाई ‘चांगल्या’ आहेत. पण बाई ‘गोऱ्या’ नाहीत, त्या ‘गोरे’च. विशेषणाने नामाच्या लिंगवचनाप्रमाणे वाकावे हा त्याचा धर्म. ज्या क्षणी ते वाकेनासे झाले, त्या क्षणी ते विशेषण उरले नाही, नाव झाले, असे समजावे.

तरीही विभक्ती लागली की जुना अर्थ फटीतून डोकावतोच. आमच्या वाडवडिलांच्या पिढीत ‘गोऱ्यांच्या घरी’, ‘खऱ्यांची सून’, ‘काळ्यांचा धाकटा’ असे सरळ बोलत. हल्ली ‘गोरेंच्या’, ‘खरेंची’, ‘काळेंचा’ असे म्हणण्याकडे सुशिक्षितांचा ओढा आहे. व्याकरणाचे अभिमानी त्यावर नाक मुरडतात. मला मात्र त्यात थोडी माणुसकी दिसते. ‘काळ्यांचा’ म्हटले की रंग दिसू लागतो, तो दिसू नये म्हणून जीभ आपण होऊन आखडते. आमच्या आजोबांना असली भीड नव्हती. सारा देश गोऱ्यांच्या राज्याबद्दल बोलत असता मराठवाड्यात राज्य होते निजामाचे; ‘गोऱ्यांचे राज्य म्हणाल तर ते आमच्याच घरात आहे,’ असे आजीकडे पाहून ते म्हणत, अशी आठवण घरात अद्याप सांगतात.

आडनावाचा आणि माणसाचा मेळ बसो वा न बसो, काही वेळा दैवच त्यातून मौज करून दाखविते. वासुदेवशास्त्री खरे आणि गणेश हरि खरे हे दोघेही इतिहासाचे साधक. जुन्या कागदांतून खरे निवडून काढण्यात दोघांचे आयुष्य गेले. उलट १९३२ साली ‘प्रभात’ने सत्यवचनी हरिश्चंद्राची कथा ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटातून सांगितली, तेव्हा त्या सत्यनिष्ठाची राणी तारामती झाल्या त्या दुर्गाबाई खोटे! सान म्हणजे लहान. तेच विशेषण ज्यांच्या आडनावात वाचता येते, त्या साने गुरुजींनी १९४७ साली पंढरपूरच्या विठोबाचे दार अस्पृश्य मानलेल्या बांधवांस उघडावे म्हणून उपोषण केले, आणि ते दार उघडले. लहान कोण आणि थोर कोण, याचा निर्णय आडनावाकडून घेणारा मनुष्य फसावयाचाच.

नांदेडास तर हा खेळ दोन भाषांत चालतो. देगलूर, बिलोली, धर्माबाद, किनवट ही गावे तेलंगणाच्या सीमेस लागून. त्यामुळे आमच्या बाजारपेठेत ‘वार’ने संपणारी आडनावे पाट्यापाट्यांवर दिसतात. नल्लावार, एर्रावार, कोत्तावार, चिन्नावार. लहानपणी मला ती कानाला नुसती भारदस्त वाटत. पुढे एका तेलुगू जाणणाऱ्या स्नेह्याने त्यांचे कुलूप उघडून दाखविले. नल्ल म्हणजे काळा, एर्र म्हणजे तांबडा, कोत्त म्हणजे नवा, चिन्न म्हणजे लहान. आणि शेवटचा ‘वार’ हा तेलुगूतील ‘वारु’. ‘ती मंडळी’ अशा अर्थाचा आदरार्थी अनेकवचनी शब्द. म्हणजे आमच्या ‘काळे’मधील मात्रेचेच काम तेथे ‘वारु’ करतो! काळे आणि नल्लावार शेजारी राहत असतील, तर शब्दापुरते ते एकाच नावाचे शेजारी होत. दोन निरनिराळ्या कुळींच्या भाषांनी, एकमेकींस न विचारता, माणसाच्या रंगावर आदराचे एकच पांघरूण घालावे, याचे मला फार अप्रूप वाटते.

या पांघरुणाची सरकारदरबारी मात्र फारशी कदर नव्हती. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन होईपर्यंत येथील कारभाराची भाषा उर्दू होती. त्या काळच्या कागदांत पुष्कळदा माणूस ‘अमुक वल्द तमुक’ एवढाच असे. बापाचे नाव सांगितले की त्याची ओळख पुरी. जेथे आडनाव लिहिले जाई, तेथेही उर्दू लिपीत ‘ळ’ नसल्यामुळे ‘काळे’ मंडळींना कागदावर ‘काले’ व्हावे लागे. आणि घाईने लिहिलेल्या अक्षरांत ‘गोरे’ आणि ‘गोरी’ यांतील भेद वाचणाराच्या मर्जीवर राही.

‘गोरी’ या शब्दावरून आत्याची आठवण होते. पुरुषाच्या बाबतीत जी थट्टा हसण्यावारी जाते, तीच स्त्रीच्या बाबतीत न्यायनिवाडा होते. आत्या माझ्यासारखीच सावळी. तिला पाहावयास आलेल्या मंडळींपैकी एका वडीलधाऱ्या बाईंनी पोह्यांची बशी खाली ठेवता ठेवता म्हटले, ‘गोऱ्यांची आहे, पण गोरी नाही हो!’ सारे हसले. आत्याही हसली, असे घरचे सांगतात. पण पुढे लग्न होऊन आडनाव बदलले तेव्हा, ‘सुटले बाई त्या नावातून’ असे ती म्हणाली, हेही घरचेच सांगतात. झोपलेले विशेषण जागे होण्यास एवढासा धक्का पुरतो.

येथवर प्रश्न कातडीच्या रंगाचा होता. त्याहून खोल गेलेला एक रंग आहे. तो मला लातुरास दिसला. २०१६ च्या उन्हाळ्यात नोकरीनिमित्त मी तेथे खोली शोधत होतो. त्या वर्षी लातूरचे पाणी आटले होते आणि मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागत होते. गंजगोलाईपासून फार दूर नसलेल्या एका घरी मालकांनी आदराने बसविले, खोली दाखविली, भाडेही ठरले. मग त्यांनी नाव विचारले. मी सांगितले. ते क्षणभर थांबून म्हणाले, ‘गोरे म्हणजे कोणते गोरे, सर?’

मी म्हणालो, ‘नांदेडचे.’

‘तसे नव्हे हो. आपल्यातलेच का, एवढेच विचारले.’

‘आपल्यातलेच म्हणजे कोणातले?’ असे मी विचारताच त्यांना एकाएकी आठवले की ती खोली एका भाच्यासाठी बोलून ठेविलेली आहे.

गोरे हे नाव एका जातीचे नाही. काळे हेही नाही. ब्राह्मणांत काळे आहेत, मराठ्यांत आहेत, पारध्यांतही आहेत. एका रंगाचे विशेषण सगळ्या जातींनी उचलले, कारण काळेगोरेपणा सगळ्यांच्याच घरी असतो. किंबहुना या आडनावांचा मोठेपणा मला यातच वाटतो की ती ऐकून माणसाची जात कळत नाही. आणि कळत नाही म्हणूनच ‘कोणते?’ हा प्रश्न जन्मास येतो. तोच शब्द, त्याच मात्रेसह, एका काळ्यांना ओसरीवर पाट मिळवून देतो आणि दुसऱ्या काळ्यांना चोरीच्या संशयाखाली उभे करतो. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविण्याची वाट पाडली. पारधी त्याच वाटेत सापडले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. परंतु कायद्याने लावलेले विशेषण कायद्याबरोबर पुसले जात नाही. पारध्याचा मुलगा शाळेत ‘काळे’ म्हणून उभा राहतो, तेव्हा त्या दोन अक्षरांत रंग कोणीच पाहत नाही. पाहतात ते निराळेच.

माझ्या चाळ्याचे उत्तर मला असे मिळाले. विशेषणाला विशेषनाम होण्यास पिढ्यान्‌पिढ्या लागतात. विशेषनामाचे पुन्हा विशेषण करण्यास एक प्रश्न पुरतो. आणि हे दुसरे विशेषण पहिल्याहून वाईट. पहिले निदान डोळ्यांनी पाहून लावलेले होते.

हा प्रश्न ओळखणारे लोक आमच्या भूमीस पूर्वीच पाय लावून गेले आहेत. १६९९ साली खालसा पंथ स्थापन करताना गुरू गोविंदसिंहांनी सर्व पुरुषांस ‘सिंह’ हे एकच नाव दिले, तेव्हा जातीचे आडनाव विचारण्याचे कारणच उरू नये हा त्यांचा हेतू होता. १७०८ साली त्यांनी देह ठेवला तो नांदेडास, गोदेच्या काठी. व्यंकटेश खेडगीकरांनी संन्यास घेऊन आडनावासह सारे सोडले आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. पुढे त्यांच्या नेतृत्वाखाली हैदराबादचा मुक्तिसंग्राम लढला गेला, आणि आज नांदेडचे विद्यापीठ त्यांच्याच नावाने चालते. परंतु पंथ स्थापणे किंवा संन्यास घेणे हे तुमच्याआमच्यासारख्या, खोली शोधत हिंडणाऱ्या गृहस्थांस झेपणारे नव्हे. आम्हांला आडनावासहच जगावयाचे आहे.

आणि ते जगणे अशक्य नाही. त्याच लातुरात, त्याच आठवड्यात, एका वृद्ध बाईंनी मला खोली दिली. नाव त्यांनीही विचारले, वहीत लिहून घेतले आणि वही मिटून म्हणाल्या, ‘सर, दिवसाला किती घागरी लागतील?’

‘दोन पुरतील, मावशी.’

‘मग या राहायला.’

त्या उन्हाळ्यात माणसाचे माप घागरीने घेतले जात होते, आणि आडनावाने घेतलेल्या मापाहून ते कितीतरी न्यायाचे होते. मावशींना मी कोणता गोरे हे आजतागायत ठाऊक नाही. नाव ऐकून घ्यावे, नीट लिहावे, आणि वही मिटावी, एवढेच त्यांनी केले. पण शिष्टाचाराची सारी विद्या मला त्या मिटलेल्या वहीत दिसली.

आता आमच्या घरात एक नवे मूल आले आहे. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे प्रथम आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव लिहावयाचे, असा नियम महाराष्ट्र सरकारने केला आहे. माझी पुतणी त्या नियमातली. तिचा वर्ण आमच्या घराण्याला साजेसा आहे आणि तिच्या आईने हौसेने तिचे नावही सावळेपणाच्या अर्थाचेच ठेविले आहे. म्हणजे तिच्या पूर्ण नावाच्या एका टोकास सावळी, दुसऱ्या टोकास गोरे, आणि मध्ये आईबाप! उद्या शाळेत मुले हसतील, हसोत बापडी. त्या विनोदाला आमच्या घरी कोणी मरत नाही. मोठी झाल्यावर तिला कोणी ‘कोणते गोरे?’ असे विचारले, तर त्या नावाच्या मधोमध बोट ठेवून, ‘यांचे’ एवढेच तिने सांगावे, आणि विचारणाराने तेवढ्यावर समाधान मानावे, अशी माझी इच्छा आहे.